आईबद्दल एक ओळ

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेले कित्येक दिवस मी इस्त्रीच्या टेबलावर जेवतो आहे, याची नोंद इतिहासाने घेतली नाही तरी निदान थोरल्या बहिणीने घ्यावी. जेवणाचं टेबल बाबांनी दाव्याच्या कागदांना बहाल केलंय. भाजीचा डाग पडला तर पुरावा बाद होईल, असं त्यांचं म्हणणं. इस्त्रीचं टेबल एका पायाने लंगडं. वाटी उतारावरून निघते आणि मी तिच्यामागे.

दोन भाऊ, एक चष्म्याचं दुकान. बाबांनी भिंगं घासायची, काकांनी गिऱ्हाईक बोलण्यात गुंगवायचं, यात सारा जन्म गेला. आता दुकान कुणाचं ते कोर्ट सांगणार. तोवर बाबा न्हाणीघरात काकांची उलटतपासणी घेतात. काकांची उत्तरंही स्वतःच देतात आणि ती ऐकून भडकतात. झोप नाही. मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळी दिली आणि अंधार पडल्यावर कागद बंद म्हणाले. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन जास्त पॉवरचा दिवा विकत आणला.

वकीलबाईंनी काकांच्या घरी दाव्याबद्दल अवाक्षर काढू नका म्हणून बजावलंय. मी घरी येऊन हुकूम सोपा करून सांगितला: त्या घराशी बोलायचंच नाही, आणि बाहेरही तोंड सांभाळा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
शेंडेफळ


११ जुलै

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाल. एवढं शिकवून तुला मोठं केलं ते वाया गेलं म्हणायचं.

बाबांशी न्हाणीघराच्या दारातून हुज्जत घालू नकोस. तिथे तरी त्यांना जिंकू दे. संध्याकाळी त्यांना बाहेर काढ, वकीलबाईंचा फोन तू घे, आणि नवा दिवा माळ्यावर टाक. पुढच्या तारखेचा घोष सकाळ-संध्याकाळ लावू नकोस.

दिवसभर लोकांचे दात बघते म्हणून असेल, पण मिटलेलं तोंड माझ्या चटकन लक्षात येतं. तुझ्या पत्रात बाबा भेटले, डॉक्टर भेटले, लंगडं टेबलसुद्धा भेटलं. आई कुठे आहे? पुढच्या पत्रात तिच्याबद्दल एक ओळ लिही.

जीव लावून आहे, तसाच राहू दे.
ताई


१८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागणीप्रमाणे एक ओळ: आई उत्तम आहे.

वर दोन फुकट देतो. तिची कटकट अजिबात नाही. माझी कॉलर, माझे बूट, माझं पोट या विषयांवर ती महिनाभर बोललेली नाही. मला तर सुट्टी लागल्यासारखं वाटतंय. फोन वाजला की गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे पुन्हा झटकते. काल शेजारणीने आज काय स्वयंपाक म्हणून विचारलं, तर म्हणाली, मुलाला विचारून सांगते. मी इतका हसलो की ठसका लागला.

तारीख पुढे गेली. बाबा संध्याकाळभर घरातल्या घरात येरझारा घालत होते. मीही मागोमाग. फिरायला बाहेर काढ असं तूच लिहिलं होतंस.

राग धरलास तरी थोडाच धर.
शेंडेफळ


२२ जुलै

चि. शेंडेफळास,
अ. उ. आ.

हसलास?

पत्र वाचून लगेच फोन केला. झोप लागते का, विचारलं. विचारून सांगते, म्हणाली. कुणाला विचारणार, तर गप्प. मी तिची मुलगी आहे की विरुद्ध पक्षकार?

बाबांच्या पुढच्या वेळेला तिला बरोबर घेऊन जा. डॉक्टरांसमोर आधी तिला बसव. बाबा तिच्या वतीने बोलायला लागतील, त्यांना बाहेर काढ. मी रजा टाकलीय, मिळाली की निघते. मला इथे बसवत नाही.

ताई


२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांना बाहेर बसवलं. मीही निघालो होतो, पण आईने माझी बाही धरली. डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. परवानगी मागत होती, ताई. माझ्याकडे. मी नुसती मान हलवली, तेव्हा म्हणाली, “मला काही विचारू नका. माझ्या तोंडून भलतंच निघेल आणि यांचं दुकान जाईल.”

मग हळूहळू बाहेर आलं. रात्र रात्र जागी असते. बोलायचं वाक्य आधी मनात उलटसुलट करून बघते, आणि मग बोलतच नाही. जाऊबाईंचा दोनदा फोन आला, तिने वाजू दिला. रोज ज्या बाईशी बोलल्याशिवाय तिचा दिवस मावळत नसे, तिचा.

डॉक्टरांनी तिलाही उपचार सुरू केलेत, दर आठवड्याला बोलावलंय. मी तडक वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, दाव्याचं सोडून काय वाटेल ते बोलू द्या; मुकं राहायला मी कधी सांगितलं? मी त्यांच्या पंख्याकडे बघत बसलो.

आईला सांगितलं, तरी तिचा धीर होईना. बाबांचं काय, म्हणाली. म्हणून बाबांना सांगितलं. ते आधी तडकले: शत्रूच्या गोटात फोन? मी म्हटलं, आई झोपत नाही. त्यांनी विचारलं, कधीपासून? शेजारच्या उशीवरचा माणूस मला विचारत होता. माझ्याकडे टोमणा तयार होता. तो गिळला.

काल संध्याकाळी काकूंचा नंबर मी लावला. आईकडून तुमचे दोन फोन येणं आहे, त्यातला हा एक, असं सांगून आईच्या हातात दिला. तिने फोन या कानावरून त्या कानावर नेला. मग आईने विचारलं, गुडघा कसा आहे. पुढे तिला बरंच काही विचारायचं होतं.

आपल्याला यातलं काही ऐकायचं नाही, असं जाहीर करून बाबा कागद उचलून आतल्या खोलीत गेले. दार लोटलं, पण लावलं नाही. पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता.

आई सुधारली असं लिहिणार नाही. पहाटे पुन्हा गॅलरीत उभी होती. रजा मिळाली तर ये. न मिळाली तरी ये.

तुझं रागावणं आणि माया, दोन्ही चालू ठेव.
शेंडेफळ

ता. क. दुसरा फोन आत्ता, पत्र टाकायला निघताना, लावून दिला.