लाल दोऱ्याच्या गाठी

१० नोव्हेंबर, सोमवार

डोकं नुसतं भणभणतंय. मिरची म्हणे पुल्लिंगी! ले पिमाँ. फूल मात्र बाई — ला फ्लर. आणि विशेषणानं बिचाऱ्यानं त्यांच्यामागे फरफटत जायचं, एक असो की अनेक. वर लिहायचं ते सगळं बोलायचं नाही, हा छळ वेगळाच.

वीस तारखेला सेनेगलचे पाहुणे मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट बघायला येणार. ते फ्रेंच बोलतात. आमच्या बियाणे कंपनीचे राधेश्याम साहेब म्हणाले, "त्यांच्याशी बराबर बोललीस तर तू पक्की. न्हाई तर महिन्याअखेर काम संपलं समज." मोबाइलवर चार महिने शिकलेलं फ्रेंच, आणि त्यावर माझी नोकरी.

१२ नोव्हेंबर

चिडून वही फेकली. आईनं उचलली. तिला वाचता येत नाही. काय अडलंय ते सांगितलं, तर म्हणाली, "मंग आमच्यावानी कर की. मिरचीचं क्रॉसिंग झालं, एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावला, की आमी फुलाला लाल दोरा बांधतो, वळखू यावं म्हणून. जी बाई हाये तिला दोरा बांध. लई असल्या तं दोन गाठी."

नुसतं बोलली नाही, मला विचारत विचारत बांधूनच मोकळी झाली. खुर्चीला दोरा, दाराला दोरा, खिडकीला दोरा. ताटांच्या चळतीला दोन गाठी.

१५ नोव्हेंबर

डोक्यात बसायला लागलं. आई भाकरी थापता थापता माझ्यामागून म्हणते — ले फ्लर सों ब्लांश. फुलं पांढरी आहेत; अनेक झाली की 'ला'चंही 'ले' होतं. तिचा उच्चार माझ्यापेक्षा बरा. जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू.

१७ नोव्हेंबर

पाहुण्यांना न्यायचा प्लॉट ठरला. बदनापूरजवळचा. नेमका तोच! आई तिथेच रोजानं क्रॉसिंगला जाते. ऑफिसात मी सांगून बसलेय की आई घरीच असते. पहिल्या दिवशी तोंडातून निघून गेलं, मग फिरवता आलं नाही.

आईला म्हटलं, त्या दिवशी ओळख दाखवू नको. ती दोरा गुंडाळत बसली.

१८ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही.

२० नोव्हेंबर

पाहुणे फुलाकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होते. 'फ्लर' तेवढं कळलं. पुढचं सगळं पुसलं गेलं. साहेब माझ्याकडे बघतायत. तेवढ्यात मिरचीच्या ओळीतून, तोंडाला रुमाल बांधलेल्या बाईचा आवाज — "ले फ्लर सों ब्लांश."

पाहुणे खदखदून हसले. मग माझीही जीभ सुटली, शेवटपर्यंत अडली नाही.

साहेबांनी तिला विचारलं, "बाई, तुम्हाला कुनी शिकवलं हे?"

"पायल म्याडमनं."

आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेब खूश — "मजुरांनाबी शिकवून राह्यलीस?" मी मान हलवली. होय म्हणून हलवली! लाज वाटते लिहितानाही.

२२ नोव्हेंबर

पक्की झाले. पत्र घेऊन घरी आले, तर कुठल्याच वस्तूला दोरा नाही. आई म्हणाली, "सोमवारपासून दुसऱ्या प्लॉटवर जाणार हाये मी. तुझे साहेब बदनापूरच्या प्लॉटवर येत राह्यतील, तुला अवघड व्हईल."