करुणाच्या खात्यातली माझी क्रिप्टो

३ मार्च
वाळूजच्या कंपनीत क्वालिटी तपासणीत बारा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आता स्वतःचा साइड बिझनेस. टेलिग्रामवरचे ‘सर’ म्हणाले, माझ्यासारखं डोकं मराठवाड्यात बघितलं नाही. काम सोपं. खात्यावर पैसे येणार, त्या पैशांची क्रिप्टो घ्यायची, सरांच्या मिक्सरमधून पुढं पाठवायची. मिक्सर म्हणजे सगळ्यांचे कॉइन एकत्र घुसळणारी वेबसाइट. कुणाचं कुठून आलं, कळतच नाही. ही प्रायव्हसी आहे, गुन्हा नाही. सरांनी तसं लिहून दिलंय, स्मायलीसकट.

४ मार्च
खातं करुणाचं वापरायचं ठरवलं. बायको नर्स, नर्सवर कोण संशय घेतो? तिनं विचारलं, ओटीपी कशाला? म्हणालो, लाइट बिल. बायकोला टेन्शन देऊ नये.

९ मार्च
पैसे आले, गेले. कमिशन मिळालं. शहागंजातून घड्याळ घेतलं, मला. करुणाला पुढच्या महिन्यात नक्की.

१७ मार्च
बँकेनं करुणाचं खातं गोठवलं. पगारही त्यातच. पोरीची, संस्कृतीची, शाळेची फी अडकली. सरांना मेसेज केला तर अकाउंट डिलीट. मोठ्या माणसांना प्रायव्हसी लागतेच.

१९ मार्च
सायबर पोलिसांनी करुणाला बोलावलं. सोबत गेलो. संकटात नवऱ्यानं उभं राहावं.
बाहेर बाकावर वेरूळचे कारभारी गुरुजी, रिटायर्ड. पोलीस असल्याचं सांगून कुणीतरी व्हिडिओ कॉलवर त्यांना दोन दिवस धमकावलं, बायकोच्या ऑपरेशनचे सगळे पैसे काढून घेतले. म्हणाले, करुणा नावाच्या बाईच्या खात्यात गेले म्हणं. मग मला विचारलं, तुमचं बी लुटलं का? म्हणालो, व्हय. त्यांनी त्यांचा अर्धा चहा मला दिला. साखर कमी होती.
आत साहेबांनी विचारलं, हे खातं कोण चालवतं? म्हणालो, तीच. स्वतंत्र विचारांची आहे, मला काही सांगत नाही. करुणा माझ्याकडं बघत राहिली. तिला धीर यावा म्हणून मान हलवली.

२० मार्च
करुणा बोलत नाही. टेन्शन असेल. डबा मात्र दिला नाही, हे बरोबर नाही.

२ एप्रिल
काल मला जामीन मिळाला. २४ मार्चचं राहिलं होतं, लिहून टाकतो.
सायबर पोलिसांकडं करुणानं पुन्हा जबाब दिला. कोणत्या दिवशी, काय सांगून ओटीपी मागितला, सगळं. साहेबांनी मला कागद दाखवला. मिक्सर नव्हताच. वेबसाइटवर नुसतं फिरणाऱ्या चाकाचं चित्र. पैसे सरळ सरांच्या वॉलेटात गेलेले, माझ्या मोबाइलवरून.
गुरुजी आले नव्हते. त्यांची बायको आदल्या दिवशी गेली, असं हवालदार म्हणाला.
करुणानं त्याला विचारलं, पोरगी शाळेतून यायची वेळ झाली, जाऊ का? तो म्हणाला, जा ताई.
मीही उठलो. म्हणाला, तू बस.