आईच्या दोन जन्मतारखा

हाँगकाँग, १४ मे १९५८, सकाळचे सव्वानऊ. निर्वासित साहाय्य संस्थेच्या बाकावर.

प्रिय फेदोस्याताई,

ब्राझीलला जाण्यासाठी संस्थेने दोन अर्ज भरून घेतले. आईची जन्मतारीख मी एकावर आपल्या रशियन चर्चच्या जुन्या पंचांगाने लिहिली, दुसऱ्यावर नव्या. तेरा दिवसांचा फरक. आईला इथेच ठेवतील, या भीतीने मला घास गिळेना.

आज संस्थेत अर्ज तपासणाऱ्या अग्लायाबाईंना खरे सांगितले. त्या म्हणाल्या, “अरे, आपले निम्मे रशियन दोनदा जन्मलेत.”

“मग माझं वय दुप्पट लावू नका म्हणजे झालं,” आई म्हणाली.

शिक्का बसला. मी पाव खाल्ला.

तुझ्याकडे चीनमध्ये, हार्बिनला, पत्रे फोडून वाचतात, म्हणून हे पाठवणार नाही. तुझाही अर्ज भरून ठेवला आहे. त्यावर तारीख एकच आहे.

तुझा,
येवलांपी