छताचा आवाज

ता. ३ जानेवारी

चि. कानसेनास, अ. उ. आ.

तुझं पत्र नाही, म्हणजे सुखात आहेस असं धरून चालते. खाण बंद झाली. भोंगा होत नाही, त्यामुळे सकाळ कधी झाली ते दूधवाल्यावरून ठरतं. गल्लीतली अर्धी घरं रिकामी आहेत. खालची जुनी पोकळी खचते आहे म्हणतात. आपल्या स्वयंपाकघराची फरशी एका बाजूला कलली आहे, भिंतीला बोट जाईल एवढी भेग आहे. वाईट वगैरे काही वाटत नाही. भांड्यांवर झाकणं ठेवते.

शाळेचे हेडमास्तर गावाचा इतिहास लिहिताहेत. शेवटी खाणीत जीव गेलेल्यांची यादी आहे, फाटकाजवळच्या दगडावर आहे तीच. म्हणजे त्यात आमच्या यांचं नाव नाही. यांनी स्वतःच टेकू काढला म्हणून छत पडलं, असं कंपनीने तेव्हा ठरवलं, आणि चूक ज्याची त्याचं नाव दगडावर नाही. एकतीस वर्षं मी भाजीला लांबच्या रस्त्याने जाते. जवळच्या रस्त्यात दगड येतो.

मास्तर म्हणाले, त्या पाळीतल्या कुणी लिहून दिलं तर नाव घालतो. त्या पाळीतला आता तूच उरलास. तेवढं लिहून पाठव.

माझा जीव आहे तसाच तुझ्यावर.
ताई

ता. १२ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वर्कशॉपात पंपांची रांग लागली आहे. काल एक गिऱ्हाईक नवा पंप घ्यायला निघालं होतं. मी त्याचा जुना गाडीतच हाताने फिरवला, आवाज ऐकला आणि म्हणालो, पंप जिवंत आहे, फक्त बेअरिंग मेलंय. कान अजून शाबूत आहेत. बाकीचा मी भंगारात काढण्यासारखा.

मास्तरांना इतिहास हवा ना, मग बाबा सांगायचे तो दे. आधी इथे गाव नव्हतंच. कुणीतरी विहीर खणायला घेतली, पाणी लागेना, काळा दगड लागला. लोहाराने तो भट्टीत टाकून पाहिला, तर भट्टी विझेचना. मग तंबू आले, तंबूंमागून पत्रे, पत्र्यांमागून भिंती, मग दारूचं दुकान आणि सगळ्यात शेवटी शाळा. विहीर मात्र राहूनच गेली.

भावोजींचंही लिहायला सांग. डबा उघडला की पहिला घास दुसऱ्याच्या हातावर ठेवायचे. छत ठोकून ऐकायचं काम माझं, म्हणून कानसेन हे नाव त्यांनीच पाडलं. बायकोबरोबर दोन कान आंदण मिळाले, असं सगळ्या पाळीला सांगायचे.

त्या दिवसाचं मात्र मला फारसं आठवत नाही. फार वर्षं झाली. तू हट्ट सोड आणि इकडे राहायला ये. तुझ्या भावजयीने माडीवरची खोली झाडून ठेवली आहे.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.
तुझा कानसेन

ता. २० जानेवारी

चि. कानसेनास, अ. उ. आ.

विहिरीची गोष्ट मास्तरांना आवडली. पहिल्या पानावर घेतली.

परवा कंपनीचं ऑफिस रिकामं केलं. कागद आवारात टाकले होते. त्यात मास्तरांना चौकशीचा कागद मिळाला, तो त्यांनी मला आणून दिला. यांना टेकू काढताना आपण पाहिलं, असं एका साक्षीदाराने सांगितलं आहे. खाली सही तुझी आहे. शेवटचं अक्षर तू अजून तसंच लांब ओढतोस.

दोनदा वाचला, घडी केली, मग धुणं वाळत घातलं.

तू पाहिलंस का, एवढंच लिही. पाहिलं असशील तर हो लिही. पंधरा दिवसांत पुस्तक छापायला जातं.

भावजयीला सांग, खोलीची घाई नको.
ताई

ता. २७ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

नाही पाहिलं.

पाळी कामाला लागायच्या आधी सळईने छत ठोकायचं आणि ऐकायचं. भरीव वाजलं तर खडूने गोल, पोकळ वाजलं तर फुली. फुलीखाली कुणी जायचं नाही. त्या दिवशी छत रिकाम्या डब्यासारखं वाजलं. मी फुली काढली. मुकादम म्हणाला, आज मोठे साहेब येताहेत, काम थांबलेलं दिसायला नको, पूस ती. मी बाहीने पुसली आणि गोल काढला. भावोजींनी खडूकडे पाहिलंच नाही. मलाच विचारलं, कसं आहे. मी म्हणालो, चांगलं आहे.

टेकू त्यांनी काढला नाही. तो जागेवरच मोडला. मुकादम म्हणाला, कागदावर सही कर, नाहीतर गोल कुणी काढला ते लिहावं लागेल. पुढच्याच महिन्यात मला वर पंपघरात घेतलं. तिथे शिकलो त्यावर हे वर्कशॉप उभं आहे. स्वतःच्या हिमतीवर वर आला, असं लोक म्हणतात. मी ऐकून घेतो.

हे पत्र मास्तरांना दे. खाली तीच सही केली आहे, ताडून पाहता येईल.

शेवटी काय लिहायचं ते सुचत नाही.
(सही)

ता. ८ फेब्रुवारी

चि. कानसेनास, अ. उ. आ.

पत्र मास्तरांना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि यादीचं पान काढलं. यांचं नाव अकरावं आहे. मास्तरांनी दगडावरही घालायला लावलं; खाली जागा नव्हती, म्हणून गवंड्याने बाजूला कोरलं. आज भाजीला जवळच्या रस्त्याने गेले. उभी राहून नाव वाचलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. कोथिंबीर घेतली आणि परत आले.

तुला काय लिहावं याचा चार दिवस विचार केला. तुझी पत्रं यायची थांबावीत असं वाटत नाही, एवढंच सापडलं.

फरशी आणखी कलली आहे. खाली तुमचं जे छत, तीच वर आमची जमीन. कंपनीचा माणूस येऊन दोन पावलं चालला आणि चांगलं आहे म्हणाला.

तू ये. तुझी सळई माळ्यावर आहे, मी टाकली नव्हती. घरभर ठोकून ऐक, आणि जे ऐकू येईल ते मला सांग. त्यावर राहायचं की निघायचं ते मी ठरवीन.

ताई