बँडवाल्यांच्या पंगतीतला वैमानिक

वरकुटे, ता. इंदापूर
१६ ऑक्टोबर १९९७

ती. मुक्ताआत्यास योगिनीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का?

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते, नाहीतर मला जेवण जायचं नाही. दसऱ्याला दादांच्या शीतगृहाच्या उद्घाटनात बँडमास्तर एक सूर न वाजवता जेवून गेला, असं मी लिहिलं होतं. तो बँडमास्तर नव्हता. मुंबईहून आलेल्या पाहुण्या साहेबांचं खासगी विमान चालवणारा वैमानिक होता. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, काखेत टोपी. आपल्याकडे असा पोशाख दुसरं कोण करतं? दादांनीच त्याला हाताला धरून बँडवाल्यांच्या पंगतीत बसवलं. (वर "आता वाजवा की राव, पोटभर जेवलाय!" हेही तेच म्हणाले.) तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं तर तेही करावं लागेल."

ताक वाढता वाढता मी त्याला सगळं विचारून घेतलं. माझी एक मैत्रीण कंपनीचं विमान चालवायचं म्हणते, तिच्यासाठी. आकाश त्या नोकरीत थोडंच असतं, मुख्य काम वाट पाहण्याचं. साहेब दोनला निघू म्हणतात आणि हारतुऱ्यांत पाच वाजवतात. अंधार पडला की बारामतीहून उडता येत नाही, पण सूर्यानेही आपल्यासाठी थांबावं असं साहेबांना वाटतं. साहेबांच्या सूनबाईंचं कुत्रं प्रवासी म्हणून धरावं लागतं. (ते मागच्या सीटवर बसत नाही.) आपली दिवाळी कोणत्या गावात होणार, हे आदल्या दिवशी कळतं. आणि एवढ्या मोठ्या मालकाला 'नाही' म्हणायची हिंमत लागते.

ती हिंमत मी आमच्या अंगणात पाहिली. दादांनी साहेबांना डाळिंबाच्या पेट्या दिल्या. वैमानिकाने त्या उचलून पाहिल्या आणि सांगितलं, एवढं वजन घेऊन मी उडणार नाही. पेट्या तरी ठेवा, नाहीतर माणूस. साहेबांनी नीट विचार करून सोबत आलेल्या आपल्या मेहुण्याला ठेवलं. मेहुणे दादांचं धोतर नेसून आमच्याकडे झोपले आणि सकाळी इंदापूरहून एसटीने गेले.

दादांचं मत पक्कं झालं. "दुसऱ्याचं इमान हाकायचं म्हंजी डायवरच की! त्यापरीस आपली मेंढरं बरी व्हती, मालक तरी आपुन व्हतो." मेंढरांचा मालकही पावसाला विचारूनच निघायचा, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

जाताना वैमानिकाने विचारलं, "तुमची मैत्रीण गॅस बंद केलाय का ते दोनदा बघते का?" मी म्हटलं, तीनदा. "मग जमेल."

घरी सर्वांना नमस्कार.

तुमची,
योगिनी

ता. क. मैत्रीण लिहिलं ते खोटं आहे. अशी मैत्रीण नाही, मीच आहे. बारामतीला विमान शिकायला शिष्यवृत्तीवर माझी निवड झाली आहे. दादांना अजून माहीत नाही.

ता. क. २. भाऊबीजेला ओवाळल्यावर दादा दर वर्षी "माग, काय पायजे" म्हणतात आणि तुम्ही गुपचूप लुगडं घेता. या वर्षी लुगडं नको म्हणा. ओवाळणीत मला मागा. ताट पुढं असलं की ते तुम्हाला नाही म्हणत नाहीत. राहायला मी बारामतीत तुमच्याकडेच येईन, जिना मी झाडेन.

ता. क. ३. ते नाही म्हणाले तरी मी जाणार आहे, हे तुम्हाला आधी न सांगणं बरं दिसलं नसतं. वर्ग तीन नोव्हेंबरला सुरू होतात. त्या सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीने मी निघते.