त्यांनी हाक मारली नाही

छकुले,

पापण्यांचं ऑपरेशन कधी करतेस, म्हणून तू दर फोनला विचारतेस आणि मी थंडी सरू दे म्हणते. कारण थंडीचं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दोन वर्षांपूर्वीच म्हणाल्या होत्या, "मावशी, पापण्या बुबुळावर उतरल्यात, लांबवू नका. तासाभराचं काम आहे." पण तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले. मी शेजारी खुर्चीत मान मागे टाकून, उरलेल्या फटीतून पुस्तक वाचत बसायची. ते पाणीसुद्धा न मागता पडून राहायचे. मग म्हणायचे, "तुझा डोळा लागला होता, कशाला उठवू?"

"अहो, टक्क जागी होते मी!" आम्ही दोघं हसायचो.

त्या दुपारीही मी जागीच होते. पान उलटून वर पाहिलं, तर ते गेले होते. हात माझ्या खुर्चीकडे पुढे केलेला. तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं, मला झोप लागली होती.

तासाभराचं काम, आणि तेवढं मी तेव्हा केलं नाही. आता कुठल्या तोंडाने करू, असं वाटायचं.

काल आरशासमोर पुस्तक घेऊन बसले. त्यांना दिसायची ती बाई पाहिली. मीही तिला उठवलं नसतं.

आज जाऊन सोमवारची तारीख घेतली. हे पत्र काही टाकणार नाही; फोनवर तुला तेवढंच सांगेन.

तुझी आई