चाचणीचा ट्रक

वणी, ३ ऑक्टोबर २००५

चि. इंद्रजित यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तुझी बायकोच उचलते, म्हणून पत्र लिहिते. तुझ्या तेलगिरणीच्या बॉयलरला या हंगामात कोळसा कोण पुरवणार, ते दिवाळीआधी ठरतं आहे आणि भैरवीचा भाऊ श्रेयस त्यासाठी धडपडतो आहे, असं कळलं. त्याच्या डेपोला अजून वर्ष झालं नाही. ह्यांना कोळशात अठरा वर्षं झाली. कापसाचा धंदा बसला तशी ह्यांच्या दोन गिऱ्हाइक गिरण्यांना कुलपं लागली. तुझं काम मिळालं नाही तर डेपो मोडावा लागेल. हे तोंडाने मागणार नाहीत, म्हणून मी मागते.

भाऊबिजेला तू आधी भैरवीला तिच्या माहेरी पोचवतोस आणि दिवे लागल्यावर माझ्याकडे येतोस, त्यावर मी कधी बोलले नाही. कोळशात तरी माझा नंबर आधी लाव.

उत्तर टपालात टाकायला भैरवीच्या हाती देऊ नकोस.

तुझी,
ताई

पांढरकवडा, ८ ऑक्टोबर २००५

ती. सौ. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊबिजेचं तू कधी बोलली नाहीस, हे वाचून भैरवी आणि मी दोघंही हसलो. (पत्र तिनेच उघडलं होतं.)

गेल्या हंगामात बॉयलर दोनदा गार पडला. तिसऱ्यांदा पडला तर शेटजी मला घरी बसवतील. म्हणून ठरवलं आहे की दोन्हीकडून एकेक ट्रक मागवायचा, गेटवर वजनाचा काटा करायचा आणि एकेक दिवस जाळून बघायचा. वाफ किती वेळात धरते, राख किती पडते, ते आमचा बॉयलरवाला सेवादास सांगेल. ट्रक कोणाचा, हे त्याला कळणार नाही. देवरावभाऊजींचा माल मला माहीत आहे, तू काळजी करू नकोस. शुक्रवारी ट्रक पाठवा.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी विसरू नकोस.

तुझा,
इंद्रजित

पांढरकवडा, १६ ऑक्टोबर २००५

ती. ताईस नमस्कार.

कसं लिहू कळत नाही. भाऊजींचा कोळसा ओला निघाला. वाफ धरायला दुपार झाली. सेवादास म्हणाला की साहेब, हा कोळसा पेटून नाही राह्यला, घाम गाळून राह्यला. उरलेला कोळसा मी परत पाठवला आणि काम श्रेयसला दिलं. शेटजींच्या गिरणीत मला नातं बघता येत नाही, ताई.

भांड, पण बोलणं बंद करू नकोस.

इंद्रजित

वणी, २३ ऑक्टोबर २००५

चि. इंद्रजित यास आशीर्वाद.

आधी एक पत्र लिहून फाडलं. श्रेयसने सेवादासला चहापाणी केलं असेल, असं त्यात लिहिलं होतं. आता खरं लिहिते.

तू काट्याचं लिहिलंस आणि माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. श्रेयसचा ट्रक सोळा टन भरल्याचं कळलं होतं. आपला साडेपंधरा होता. भैरवीच्या भावापुढे ह्यांचा ट्रक हलका पडावा, हे मला सोसवेना. हे जेवायला घरी आले तेव्हा मी डेपोवर गेले आणि हमाल रामरावला धूळ बसवायचा पाण्याचा पाइप भरल्या ट्रकवर सोडायला लावला. तो बिचारा म्हणत होता की बाई, मालकाले इचारू द्या, मले कायले मधात घेता. मी ऐकलं नाही.

कोळसा परत आला तेव्हा ह्यांनी चौदा वर्षं डेपोवर राबलेल्या रामरावला घरी बसवलं. त्याने माझं नाव घेतलं नाही. चार दिवस मी गप्प राहिले आणि तेवढे दिवस त्याच्या घरी चूल कशी पेटली, देव जाणे. काल ह्यांना सांगितलं. हे तसेच उठले. सायकल काढून रामरावला घेऊन आले आणि सगळ्या हमालांसमोर, तो का निर्दोष आहे ते माझ्या नावासकट सांगितलं. डेपो फेब्रुवारीपर्यंत ओढायचा, पुढचं पुढे, असं म्हणतात.

काम परत मागत नाही. भैरवीला कळू देऊ नकोस, एवढंच मागणार होते. पण आता वणीभर झालं आहे. तेव्हा तूच तिला सांग. श्रेयसकडून कळलं तर ती पोट धरून हसेल. तुझ्याकडून कळलं तर निदान तोंडावर पदर तरी घेईल.

भाऊबिजेला तिला माहेरी पोचवून ये. मी दिव्यापर्यंत थांबते.

तुझी,
ताई